पायदानाबाहेरची गाणी : भीमगीतांच्या कॅसेटी आणि कर्त्याचे नाव

लोकप्रिय गीतांचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे बहुधा एकाच वहीवर विसंबतात. ती वही म्हणजे १९५२ साली रेडिओ सिलोनवरून सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’. अमीन सयानी यांच्या आवाजात दर आठवड्याला गाणी एकेक ‘पायदान’ चढत आणि उतरत. रेकॉर्डांची विक्री व श्रोता संघांची पत्रे यांवरून क्रम लागे. १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली आणि तिची नियमित मालिका १९९४ पर्यंत चालली. या पायदानांवर स्थान होते ते केवळ हिंदी चित्रपटगीतांना. त्यामुळे ज्या काळात मराठवाड्यातील वस्त्यावस्त्यांतून भीमगीते व बुद्धगीते यांच्या कॅसेटी झिजेपर्यंत वाजल्या, त्या काळाच्या कोणत्याही क्रमवारीत त्यांचे नाव आढळत नाही.

याचा परिणाम आपल्या समीक्षेवरही झाला. मोजदाद नाही म्हणून ही गाणी किरकोळ, असे एक वर्ग मानतो. दुसरा वर्ग, आणि यात आपले अनेक धम्मबांधव आहेत, लाखोंनी खपली म्हणून ती थोर, असे आवेशाने सांगतो. हे दोन्ही पक्ष भांडतात, पण दोघांचाही मापदंड एकच आहे आणि तो बाजाराचा आहे. प्रस्तुत लेखात या गाण्यांकडे दुसऱ्या मापाने पाहण्याचा प्रयत्न आहे. हे माप आपल्याच पालि परंपरेत उपलब्ध आहे. विहाराच्या व्यासपीठावरून ‘ही धांगडधिंग्याची गाणी धम्माला शोभत नाहीत’ असे जे अधूनमधून ऐकू येते, त्याचाही विचार ओघाने करावा लागेल.

प्रथम मोजदादीविषयी थोडे. क्रमवारी ही लोकांच्या आवडीचा आरसा असते, हा समज सर्वत्र आहे आणि तो सर्वत्र खोटा ठरला आहे. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाची अल्बमांची यादी अनेक वर्षे दुकानदारांनी कळविलेल्या अंदाजांवर बनत असे. मे १९९१ पासून तिच्यासाठी गल्ल्यावरील प्रत्यक्ष विक्रीची यंत्राने नोंद घेतली जाऊ लागली, आणि ग्रामीण गोऱ्यांचे ‘कंट्री’ संगीत व शहरी काळ्यांचे ‘रॅप’ ही दोन्ही एकाएकी वर सरकली. श्रोते तेच होते, बदलला होता मोजणारा. इंग्लंडचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. १९८० च्या दशकात साउथॉलच्या ‘अलाप’सारख्या पंजाबी भांगडा मंडळांच्या कॅसेटी तेथे मोठ्या संख्येने विकल्या जात. पण त्या विकल्या जात आशियाई वाणसामानाच्या आणि कापडाच्या दुकानांतून, आणि राष्ट्रीय यादीसाठी ज्या दुकानांचे आकडे घेत त्यांत ही दुकाने नव्हतीच. डाळतांदळाच्या पोत्याशेजारी विकले गेलेले गाणे यादीच्या लेखी विकलेच गेले नाही.

आपल्या कॅसेटी तर दुकानातही नव्हत्या. आश्विनात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, आणि १९९४ नंतर १४ जानेवारीला औरंगाबादेत विद्यापीठाचे प्रवेशद्वार ही या मालाची खरी पेठ होती. बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या, तसबिरींच्या आणि निळ्या झेंड्यांच्या शेजारी, जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर त्यांचा व्यवहार चाले. कॅसेटच्या आधी याच ताडपत्रीवर गाण्यांच्या चार-आठ पानी पुस्तिका विकल्या जात, आणि पुढे दोन्ही शेजारी शेजारी विकल्या गेल्या. शर्मिला रेगे यांनी ‘अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू’ या २०१३ च्या ग्रंथात पुस्तिका, गायन पार्ट्या आणि ध्वनिफिती यांच्या या जगाची गंभीरपणे दखल घेतली. विद्यापीठीय समीक्षेने तिकडे पाहण्याचा हा दुर्मिळ प्रसंग होय. पावतीविना, वर्षातून मोजके दिवस भरणारी आणि मग उठून जाणारी ही पेठ कोणत्या यादीत मावणार?

मानवतसारख्या गावी हा माल येई तो यात्रेकरूंच्या पिशवीतून. मानवत हे कापसाच्या बाजाराचे गाव, रेल्वेसाठी मानवत रोड हे स्थानक. चैत्यभूमीहून परतलेला माणूस सोबत बाबासाहेबांचे एखादे पुस्तक, तसबीर आणि दोन-तीन कॅसेटी आणी. कापूस वेचणीचे दिवस असल्याने हातात थोडा पैसा असे, हेही एक कारण. टेपरेकॉर्डर वस्तीत एखाद्याच घरी, म्हणून एक कॅसेट पन्नास घरे ऐकत. तीच पुढे १४ एप्रिलला मंडपातल्या कर्ण्यावर, लग्नाच्या मांडवात आणि काळ्यापिवळ्या जीपमध्ये वाजे. विक्रीचा आकडा मिळाला असता तरी ऐकणाऱ्यांची संख्या त्यावरून कळली नसती. चित्रपटगीताच्या हिशेबात एक खरेदी म्हणजे एक श्रोता वा एक कुटुंब. येथे मात्र खरेदी एकाची आणि श्रवण समूहाचे. आपल्या समाजाला हे नवे नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या एकाने वर्तमानपत्र वाचायचे आणि चावडीबाहेर बसलेल्या सर्वांनी ऐकायचे, ही रीत ‘मूकनायक’च्या काळापासूनची आहे.

काळाचा एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी संमत झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. भारतात कॅसेटचा प्रसार सुरू झाला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ध्वनिमुद्रित संगीताची जवळजवळ सगळी बाजारपेठ कॅसेटने व्यापली होती. एका मोठ्या ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडून शेकडो लहान उत्पादक उभे राहिले. नामांतराची सोळा वर्षे आणि कॅसेटच्या भरभराटीची वर्षे ही अशी जवळपास एकच आहेत. १९७८ च्या दंगलीत ज्या जिल्ह्यांतील वस्त्या जाळल्या गेल्या त्यांत परभणी होता. त्या वस्त्यांना स्वतःचा आवाज स्वतःच्या घरात, स्वतःला हवा तेव्हा ऐकण्याचे साधन याच वर्षांत प्रथम मिळाले. आकाशवाणीची वेळ पाळायला नको आणि कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. या गाण्यांचे जे काही मोल करायचे त्याला येथून सुरुवात केली पाहिजे.

परंतु साधन बदलले की कलाकृती बदलते. सत्यशोधक जलशांच्या वाटेने आलेल्या आंबेडकरी जलशात गाणे एकटे नसे. भीमराव कर्डक यांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या ग्रंथात त्या परंपरेची हकिकत लिहून ठेवली आहे. तीवरून दिसते की जलशात संवाद, विनोद, प्रश्नोत्तरे आणि बोधपर भाषण यांच्या विणीत गाणे गुंफलेले असे. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात गाण्याने भावना जागवावी आणि गद्याने विचार पक्का करावा, अशी ती वाटणी होती. कॅसेटने गद्य कापून टाकले. तासाभराची फीत, दोन बाजू आणि एकेका बाजूस बहुधा चार गाणी. त्यांतील दोन गाणी मनापासून रचलेली आणि उरलेली बाजू भरण्यासाठी, हे कोणत्याही चिकित्सक श्रोत्याला कळते. बाबासाहेबांच्या महाडच्या, येवल्याच्या, नागपूरच्या कृतींमागील युक्तिवाद जलशात समजावून सांगितला जाई. कॅसेटमध्ये त्या कृतींची केवळ नावे उरली आणि प्रसंगाचे रूपांतर जयघोषात झाले. भीमगीतांवरील आपला पहिला आक्षेप हा असायला हवा. चाल उडती आहे, हा नव्हे.

चालीविषयीचा आक्षेप धम्माच्या नावाने घेतला जातो, म्हणून मूळ ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात आणि विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दीर्घ, आळवलेल्या गीतस्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. आक्षेप घेणारे याच स्थळाचा हवाला देतात. तथापि ते स्थळ पूर्ण वाचले पाहिजे. निषेध आहे तो भिक्खूंनी धम्मपठण तसे करण्याचा. पाचांतील एक दोष असा की गृहस्थ कुरकुर करू लागतात, आम्ही गातो तसेच हे श्रमणही गातात म्हणून. याचा अर्थ गृहस्थांनी गाणे हे तेथे गृहीतच आहे. निंदा आहे ती श्रमणाने गृहस्थासारखे होण्याची. लगेच पुढे त्याच चुल्लवग्गात सरभञ्ञाला, म्हणजे सुस्वर पठणाला, भिक्खूंनाही अनुमती दिली आहे. नृत्य-गीत-वाद्यापासून विरत राहण्याचे शील उपोसथाच्या अष्टशीलात येते, नित्याच्या पंचशीलात ते नाही. उपासकाला रोजच्या जीवनात गाणे वर्ज्य करणारे वचन प्रस्तुत लेखकाला निकायांत कोठेही आढळलेले नाही.

याहून बोलके स्थळ दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्ताचे आहे. तथागत वेदियक पर्वतावरील इंदसाल गुहेत असता, पञ्चसिख हा गंधर्व बेलुवपण्डु वीणा घेऊन त्यांच्यापासून फार दूर नाही व फार जवळ नाही अशा अंतरावर उभा राहून गातो. गीत कोणते? भद्दा सूरियवच्छसा या प्रेयसीला उद्देशून रचलेले सरळसरळ प्रेमगीत. त्यात बुद्ध, धम्म आणि अरहंत यांचे उल्लेख प्रियेच्या विरहात मिसळले आहेत. आजच्या एखाद्या कठोर उपासकाने ते कर्ण्यावर ऐकले तर लगेच बंद करायला लावील. तथागत मात्र प्रथम तंतूंचा स्वर आणि कंठाचा स्वर परस्परांशी जुळले आहेत, कोणी कोणावर मात करीत नाही, अशी दाद देतात. आणि मग एक प्रश्न विचारतात : ही गाथा तू कधी रचलीस? पञ्चसिख स्थळकाळासह उत्तर देतो. आपण उरुवेलेत नेरंजरेच्या तीरी अजपाल वटाखाली होता, तेव्हाची ही रचना, असे तो सांगतो.

या प्रसंगात समीक्षेची दोन मापे आहेत. शब्द आणि स्वर यांचे प्रमाण जुळले आहे काय? आणि ही रचना कोणाची व कधीची? किती जणांनी ऐकली, हे तेथे कोणी विचारीत नाही.

पहिल्या मापाने पाहू गेल्यास चित्रपटाच्या चालीवरील गीत आपोआप हलके ठरत नाही. चाल श्रोत्याच्या कानात आधीच बसलेली असते, म्हणून नवे शब्द एका ऐकण्यात पाठ होतात. निरक्षर श्रोतृवर्गापुढे हा मोठा लाभ होता. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील आपल्या भागात कव्वालीचीही ठेवण अशीच कामी आली. टाळीचा ठेका, एकाच ओळीची आवर्तने आणि सवाल-जवाबाचा मुकाबला यांतून जलशातील वादविवादाचा काही अंश तरी टिकला. दोष उद्भवतो तो अन्यत्र, मात्रांच्या हिशेबात. ‘बाबासाहेब आंबेडकर’ हे नाव उडत्या चालीच्या खाचेत बसत नाही. ‘भीम’ मात्र कोठेही बसतो, कारण त्याच्या मात्रा तीन. ‘बुद्ध’ याच्याही तीन. आणि ‘राम’, ‘श्याम’, ‘देव’ यांच्याही तीनच! मूळ भक्तिगीतात वा चित्रपटगीतात जेथे ‘राम’ होता तेथे ‘भीम’ ठेवला की गीत तयार, हा कारखानदारीचा मार्ग त्यातून खुला झाला. खाच मोकळी झाली तरी तिच्या भोवतीची वाक्ये भक्तीची, शरणागतीची, अवताराचीच राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या बावीस प्रतिज्ञा आपल्या पूर्वजांनी उच्चारल्या त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार होय हे मत खोटे मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती नाकारण्याचा हेतू या गीतकारांपाशी नव्हता. मात्रांच्या सोयीने ते तेथवर ओढले गेले. म्हणून अशा गीतांना धम्मद्रोही म्हणणे अन्यायाचे आहे आणि त्यांचे कौतुक करणे आळसाचे.

प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा भारदस्त, मोकळ्या गळ्याचा गायक विठ्ठलाचीही गाणी गायला, गणपतीचीही आणि भीमाचीही. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. गायक हा पोटासाठी गातो आणि आवाजाला प्रतिज्ञापत्र लागत नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो तिन्ही गाण्यांना एकच वाद्यमेळ, एकच ठेका आणि एकच गहिवर पुरविणाऱ्या निर्मात्यांच्या सोयीवर घ्यावा. त्यांचेच चिरंजीव आनंद शिंदे यांचे ‘जव्वा नवीन पोपट हा’ हे गीतही कॅसेटच्या बाजाराचेच अपत्य आहे. भीमगीत ज्या बाजारात उतरले तो किती रंगांचा होता, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता दुसरे माप, रचना कोणाची? अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत : चिन्ताकवि, सुतकवि, अत्थकवि आणि पटिभानकवि. चिंतनातून रचणारा, ऐकलेल्यावरून रचणारा, एका अर्थाला धरून रचणारा आणि तत्क्षणी स्फुरणारा. अट्ठकथेने वंगीस थेराला चौथ्या प्रकारात घातले आहे. कॅसेटींच्या ढिगात सुतकवींचा भरणा आहे हे उघड आहे. एकाने रचले की दहा जण त्याचा छाप उठवितात. पण वामनदादा कर्डक यांना कोठे ठेवावे? १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेला आणि २००४ साली निवर्तलेला हा कवी प्रौढपणी अक्षरे शिकला. गावोगाव पायपीट करून त्याने गायिले आणि गाता गाता रचले. त्या अर्थी तो पटिभानकवि. परंतु त्याची चांगली रचना एका अर्थाला घट्ट धरून चालते. ध्रुवपदात विधान असते, अंतऱ्यांत त्याचे पुरावे असतात, आणि पुरावे बहुतेक घरातले असतात : भाकर, चूल, बाप, शाळेची पाटी. जयघोष त्याला पुरत नाही. म्हणून तो अत्थकविही आहे. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्याचे संग्रह ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे पटावे. चार-आठ मात्रांच्या जागेत युक्तिवाद बसविता येतो हे त्याने दाखविले. कॅसेटने गद्य कापले तरी विचार कापलाच पाहिजे असे नव्हते.

वामनदादांच्या गीतांत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे केवळ परंपरेचा अवशेष म्हणून पाहिले जाते. ती म्हणजे शेवटच्या अंतऱ्यातील नाममुद्रा. संतांच्या अभंगात ती आहे, शाहिराच्या कवनात आहे, कव्वालीत आहे. पण कॅसेटच्या बाजारात तिला निराळेच काम करावे लागले. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र व नाव मोठ्या अक्षरांत, निर्मात्याचे चिन्ह त्याहून ठळक. गीतकाराचे नाव कधी बारीक अक्षरांत, कधी ‘पारंपरिक’ या शब्दाआड, कधी मुळीच नाही. मानधनाचा तर प्रश्नच उद्भवत नसे. ज्याला करारपत्र मिळत नाही त्याने आपली सही गीताच्या अंगातच कोरून ठेवायची, हा उपाय होता. वेष्टन फाटले, कंपनी बुडाली, गायक बदलला, तरी शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हा शब्द उरतो.

पालिच्या अभ्यासकाला येथे थेरगाथा आठवणे साहजिक आहे. तेथेही गाथांच्या शेवटी ती कोणत्या थेराने म्हटली याची नोंद येते आणि वग्गाच्या अखेरीस उद्दानात नावांची माळ ओवलेली असते. हे सर्व लेखनापूर्वीचे. भाणकांनी शतकानुशतके ते मुखाने वाहिले, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात वट्टगामणीच्या काळी ते ग्रंथारूढ झाले. आपल्याच कार्ले लेणीतील एका स्तंभावर सोपारकाच्या धम्मुत्तरीय भाणक सातिमिताच्या दानाचा लेख आहे. बुद्धवचन वाहणाऱ्या त्या भाणकाचे नाव दगडावर राहिले. आपल्या काळच्या भाणकांचे, वस्तीवस्तीतल्या गायन पार्ट्यांच्या पेटीवाल्यांचे, ढोलकीवाल्यांचे, कोरस धरणाऱ्या बायांचे नाव कोठेही कोरलेले नाही.

बायांचा उल्लेख आला म्हणून सांगावयास हवे. पाथरीच्या पुढे माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात भीमाच्या व बुद्धाच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि प्रत्येकीबरोबर गाणारणीचे नाव व गाव जपले. त्या ओव्या विक्रीस कधीच नव्हत्या. विकल्या न गेलेल्या गाण्याला नाव मिळाले आणि धो धो विकल्या गेलेल्याला मिळाले नाही, हे पाहून बाजाराविषयीचा आपला आदर थोडा कमी व्हावा.

आज मोजणारे यंत्र आले आहे. फितीनंतर तबकड्या, मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळणारी गाणी, आणि आता यूट्यूबवर प्रत्येक गाण्याखाली पाहणाऱ्यांचा आकडा. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गायिल्या आणि कोणत्याही कंपनीविना घरोघरी पोहोचल्या. त्यांच्या गाण्यात शब्द ऐकू येतो, कारण एकतारी शब्दावर मात करीत नाही. पञ्चसिखाला मिळालेली दाद त्यांनाही द्यावी. उलट जयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांवर जुनीच भीमगीते नव्या ठोक्यांवर वाजतात, तेव्हा ध्रुवपदाखेरीज काही कानी येत नाही. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. कानठळ्यांची समीक्षा डॉक्टरांनी करावी.

निकड आहे ती जुन्या फितींची. चुंबकीय फीत दमट हवेत चिकटते, तिच्यावरील थर झडतो, बुरशी धरते. पुस्तिकांचा कागद तर केव्हाच पिवळा पडून तुटू लागला आहे. आपल्या विहारांच्या कपाटांतून आणि संस्थांच्या ग्रंथालयांतून त्रिपिटकाच्या आवृत्त्या काचेआड आहेत ते योग्यच, पण त्याच कपाटाच्या एका खणात या कॅसेटी, त्यांची वेष्टने आणि पुस्तिका यांना जागा द्यायला काय हरकत आहे? प्रत्येक गीताचे शेवटचे कडवे ऐकून कर्त्याचे नाव वहीत उतरविणे हे काम पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी सहज करू शकतील.

मानवत आणि परिसरातील काही घरांतून पाहावयास मिळालेल्या कॅसेटींत विकत घेतलेल्या थोड्या आणि एकीवरून दुसरीवर उतरवून घेतलेल्या अधिक आहेत. त्यांना वेष्टन नाही; पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने ‘भीमगीते’ एवढेच लिहिलेले असते, क्वचित जयंतीचे वर्ष. दोन कॅसेटींतील निवडक गाणी एकीत बसविण्याच्या खटाटोपात उतरविणाऱ्याला फितीचा अंदाज राहत नसे. त्यामुळे बाजूचे अखेरचे गाणे बहुतेक ठिकाणी अर्धवट आहे. ध्रुवपद येते, पहिला अंतरा येतो, दुसरा येतो, ढोलकी उठते, नाव यायच्या कडव्याला सुरुवात होते, आणि फीत संपते.